अकरा फूट पाणी

वेलांटीराव वडिलांची दाढी करायला लागले त्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत एकदाही बाबांचे दोन्ही कल्ले एका रेषेत आले नव्हते. डावा जरा वर गेला म्हणून उजवा वर घ्यायचा, उजवा जास्तच गेला म्हणून पुन्हा डावा, असं करता करता एका रविवारी ते कानांच्या वरच्या टोकाला भिडले. त्याच्यापुढे नुसतं डोकंच उरलं होतं. बाबांनी आरसा मागितला, चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि आरसा मांडीवर उपडा ठेवला. बोलले काहीच नाहीत.

हे न बोलणं वेलांटीरावांना फार लागलं. कारण नजर हे तर त्यांचं भांडवल. एका छापखान्यात तीस वर्षं ते मुद्रितं तपासत होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी जग त्यांना वेलांटीराव म्हणायचं. दवाखान्यात रांगेत बसले तरी ते आजार विसरून भिंतीवरच्या ‘थुंकु नये’कडे खिन्नपणे बघत बसत. अशा माणसाला स्वतःच्या बापाच्या चेहऱ्यावरचा सूतभर फरक दिसू नये?

त्यात बाप साधासुधा नव्हता. बाबा पंचेचाळीस वर्षं टेलर मास्तर होते. समोरच्या माणसाचा एक खांदा अर्धा बोट खाली आहे, हे त्यांना तो माणूस दारातून आत येतानाच कळायचं, आणि त्याला ते आयुष्यभर कळू नये असा कोट ते शिवायचे. चार महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, वॉकर आला, हात तर पूर्वीसारखेच ठणठणीत होते. पण डॉक्टरांनी ओल्या फरशीवर एकट्याने पाऊल ठेवायचं नाही अशी तंबी दिली. तेव्हापासून दाढी खोलीतल्या खुर्चीवर, मगातल्या पाण्यात, मुलाच्या हातून. बाबा अंथरुणात होते तेव्हा लागलेली ही रीत पुढेही तशीच राहिली. आणि तेव्हापासूनच बाबांनी जिना उतरणं सोडलं. डॉक्टर म्हणायचे, आता उतरा, हरकत नाही. बाबा म्हणायचे, बघू.

सोमवारी दुपारी छापखान्यात एक विहिरींवरचं पुस्तक तपासायला आलं होतं. यंत्रांची घरघर चालली होती, खिडकीतून आलेलं ऊन कागदावर हळूहळू सरकत होतं, आणि वेलांटीरावांची तंद्री लागली. स्वप्न पडायला त्यांना झोपेची गरजच नसे. त्यांना दिसलं की न्हाणीघरातून पाणी निघालंय. कुणाला चाहूल न देता ते बोळातल्या भिंतीच्या कडेने, गुडघ्याइतक्या उंचीवरून चाललंय, दाराच्या चौकटीला वळसा घालून बाबांच्या खोलीत शिरतंय, खिडकीखाली येऊन वर चढतंय. तिथे एक पांढरं बेसिन आहे. बेसिनवर सकाळचं ऊन आहे. आणि बाबा स्वतःच्या हाताने गालाला फेस लावताहेत.

त्या दिवशी पुस्तकातल्या एका पानावर ‘विहीर’ चार वेळा ऱ्हस्व राहून गेली.

घरी येऊन त्यांनी बाबांच्याच जुन्या टेपने अंतर मोजलं. बरोबर अकरा फूट. बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. अपुरे भरलेले फॉर्म परत करण्यात तिचा हातखंडा होता. तिने नवऱ्याचा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “येणारं पाणी समजलं. जाणारं कुठे जाणार?”

वेलांटीरावांनी टेप गुंडाळायला घेतली. त्यांच्या स्वप्नात पाणी नुसतं येतच होतं. शेवटी तिनेच खिडकीखालच्या भिंतीतलं भोक दाखवलं. कधीकाळी टीव्हीच्या तारेसाठी पाडलेलं होतं. ते जरा मोठं केलं की पलीकडे कपडे धुवायची गच्ची आणि तिथली मोरी. वेलांटीरावांनी ते भोक असं काही पाहिलं, की जणू ते त्यांनीच आत्ता शोधून काढलं.

प्लंबर बघायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. एक आला, अकरा फूट पाहिले, एवढ्याशा कामाला काय, उद्या येऊन तासाभरात करतो म्हणाला. त्याचा तो उद्या अजून उजाडायचा आहे. दुसऱ्याने फोनवरच, काम फार लहान आहे, म्हणून नाही म्हटलं. तेव्हा वेलांटीरावांनी ठरवलं की आपणच करायचं. प्लास्टिकचा तर पाइप. त्याला ना जाळायचं, ना ठोकायचं. कापायचा आणि चिकटवायचा. लहान मुलं शाळेत दुसरं काय करतात?

हार्डवेअरच्या दुकानात मात्र त्यांचा हा समज पहिल्याच वाक्याला कोलमडला. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून ऐकणारा, सावकाश माणूस होता. पाइप केवढा हवा, असं त्याने विचारलं. वेलांटीरावांनी न्हाणीघरातल्या पाइपाची जाडी पट्टीने मोजून आणली होती. ते अभिमानाने म्हणाले, “पाच अष्टमांश इंच.”

दुकानदाराने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. “म्हणजे अर्धा.”

“अर्धा नाही हो. मोजलाय मी. अर्ध्यापेक्षा जास्त आहे.”

“बरोबर आहे. त्यालाच अर्धा म्हणतात.”

वेलांटीरावांना भोवळ यायची बाकी राहिली. शब्दाचा अर्थ शब्दाप्रमाणे असावा एवढ्या एका श्रद्धेवर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. मागे रांग वाढत होती. एका रंगाऱ्याने सांगितलं की नाव आतल्या पोकळीवरून पडतं. एका सुताराने सांगितलं की तसं काही नाही, पूर्वीपासून म्हणतात म्हणून म्हणायचं. मग दुकानदाराने पुढचे प्रश्न सुरू केले. एल्बो किती? टी किती? नळाच्या जागी लागणारा एल्बो साध्या आट्यांचा की पितळी आट्यांचा? कापायला करवत की कटर? प्रत्येक प्रश्नाला वेलांटीराव ‘दोन्ही’ असं उत्तर देत गेले, कारण अडाणी दिसण्यापेक्षा उधळ्या दिसलेलं बरं. घरी आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक लांबलचक पांढरा पाइप होता, पिशवीत बत्तीस वस्तू होत्या, आणि त्यातल्या नऊ वस्तूंची त्यांना नावंही माहीत नव्हती.

न्हाणीघरातला पाइप मात्र पांढरा नव्हता, सायीच्या रंगाचा होता. वेलांटीरावांना वाटलं, रंगाने काय होतंय. त्यांनी पांढरा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सायीच्या पाइपावर बसवून पाहिला तर पाइप त्यात घंटेतल्या लोलकासारखा डुगडुगायला लागला. दोघंही अर्धा इंचच होते. पण पांढऱ्याचा अर्धा निराळा आणि सायीचा निराळा. पांढरा फक्त गार पाण्याचा, सायीचा गरम-गार दोन्हींचा, आणि दोघांना चिकटवायचं सोल्युशनसुद्धा वेगवेगळं. हे सगळं त्यांना दुसऱ्या फेरीत कळलं. दुकानदाराने सामान विनातक्रार बदलून दिलं. तो म्हणाला, सगळेच आधी पांढरा नेतात. हे ऐकून बरं वाटावं की वाईट, हे वेलांटीराव परतताना रस्ताभर ठरवत होते.

पाइप खांद्यावर घेऊन दोनदा जिना चढलेला माणूस इमारतीत लपून राहत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहायचे. त्यांनी उमेदीत दोन धरणं बांधली होती, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गेली सहा वर्षं ठिबकत होता. ते खाली आले, बोळात उभे राहिले, आणि दाब, उतार, वेग यांविषयी असं काही बोलले की अकरा फुटांच्या पाइपाखाली तीन गावं बुडणार असं वाटावं. जाताना त्यांनी बजावलं, की काहीही करा, पण आधी पाणी बंद करा. एवढाच त्यांचा सल्ला वेलांटीरावांना समजला, आणि तोच पुढे इंजिनियरसाहेबांवर उलटला.

शेजारच्या परिचारिकाबाईंचं म्हणणं सोपं होतं. त्या म्हणाल्या, एवढा खटाटोप कशाला, सकाळी मगभर गरम पाणी खोलीत नेऊन ठेवायचं, मास्तर आपले आपण करतील, झालं. वेलांटीरावांना ते पटलं. खरंच की. मगभर पाण्याचाच तर प्रश्न होता. ते अगदी पडलेल्या चेहऱ्याने आत वळले तर बाबा खाटेवर जागे होते. छताकडे बघतच ते म्हणाले, “मगभर पाणीही कुणीतरी आणून द्यावं लागतं.”

बस्स, एवढंच. पण त्यानंतर वेलांटीराव मागे हटणार नव्हते.

आडवा आला तो फॉर्म. नवीन पाइप टाकायचा तर सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी लागे. त्यासाठीचा छापील फॉर्म मिळाला, आणि शीर्षकातच ‘परवाणगी’ पाहून वेलांटीरावांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. त्यांना थांबायचं होतं. पण हात थांबेना. ‘दुरूस्ती’ झाली, ‘जबाबदारि’ झाली, एक वाक्य तर कर्त्यावाचून तसंच लोंबकळत होतं, त्याला कर्ता मिळाला. एकंदर सतरा चुका सुधारून, समासात खुणा करून त्यांनी अर्ज सादर केला. फॉर्मचा मजकूर सेक्रेटरींनी स्वतः तयार केलेला होता, ही गोष्ट त्यांना नंतर कळली.

अर्ज ‘विचाराधीन’ झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सेक्रेटरी जिन्यात भेटले की भिंतीवरच्या मीटरांकडे बघायला लागायचे. पाइप बोळात आडवा पडून होता. येणारे-जाणारे त्याला ओलांडून जायचे, आणि वेलांटीराव रोज त्याच्याकडे बघून नदीकाठी बसल्यासारखे बसायचे. शेवटी एका संध्याकाळी बायको कोरा फॉर्म घेऊन स्वतः गेली. तिने चुकांसकट तो नीट भरला आणि कारण या रकान्यात लिहिलं, ‘सासऱ्यांना स्वतःची दाढी स्वतः करता यावी म्हणून.’

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं म्हणे. मग विचारलं, “मास्तर बरेच दिवस खाली दिसले नाहीत, ते याच्यामुळे?” आणि तिथल्या तिथे शिक्का मारला. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला त्यांनी घातलेला कोट बाबांनी शिवला होता. हे त्यांनीच तिला सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, की तुमच्या नवऱ्याला मात्र पेन घरी ठेवायला सांगा.

रविवार उजाडला. वेलांटीराव इमारतीच्या वरच्या गच्चीवर गेले. टाकीखाली पाणी बंद करायच्या, सारख्या दिसणाऱ्या सहा चाव्या होत्या आणि कुणावरही नाव नव्हतं. आपल्या घराकडे जाणारा पाइप नजरेने पकडून ते त्याच्यामागे मनातल्या मनात निघाले, दोन वळणं बरोबर गेले, तिसऱ्या वळणावर एक ढग आडवा आला आणि त्यांची नजर त्याच्यामागे गेली. परत आली ती शेजारच्या पाइपावर. त्यांनी चावी घट्ट बंद केली आणि समाधानाने खाली आले.

न्हाणीघरातला पाइप त्यांनी कटरने एका दमात कापला. पुढच्या क्षणी पाण्याने त्यांच्या छातीवर अशी धडक मारली की ते बसल्या जागी मागे सरकले. त्याच वेळी वरून इंजिनियरसाहेबांची हाक आली. त्यांचं पाणी गेलं होतं आणि ते डोक्यापासून पायापर्यंत साबणात होते. दोन धरणं बांधलेला माणूस तसाच टॉवेल गुंडाळून, फेसाने डोळे मिटलेले, कठडा चाचपत खाली आला आणि दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “मी पाणी बंद करा म्हटलं होतं. माझं नव्हे.”

बायको वरच्या गच्चीवर धावली. सहाही चाव्या बंद केल्या, मग बोळात पाणी थांबलं. इंजिनियरसाहेबांना शेजारणीने एक बादली दिली.

इथे शहाण्या माणसाने हात टेकले असते. पण वेलांटीरावांनी पुसलेल्या फरशीवर बसून काम सुरू केलं. न्हाणीघरातली टी, म्हणजे फाटा फोडणारा जोड, बसली, तिच्यापुढची चावीही बसली. ती बंद केल्यावर इमारतीचं पाणी सुटलं आणि निदान जग त्यांच्यामुळे कोरडं राहिलं नाही. मग बोळातले तुकडे. त्यांनी भिंतीवर मापं घेतली, अगदी काटेकोर, आणि तितक्याच लांबीचे तुकडे कापले. जोडायला गेले तर प्रत्येक जोडणीला पाइप आखूड. पहिला तुकडा बोटभर कमी पडला, दुसरा त्याहून जास्त. मापं पुन्हा घेतली, चूक नव्हती. चूक नसताना चुकणं हा प्रकार त्यांना नवीन होता. एका जागी त्यांनी घाईने सोल्युशन लावून एल्बो बसवला, जरा लांबून पाहावं म्हणून मागे सरकले, तर एल्बोचं तोंड खिडकीकडे नव्हतं, वर छताकडे होतं. ते धावले. पण हे सोल्युशन माणसाला विचार बदलायला वेळ देत नाही. एल्बो तसाच आभाळाकडे तोंड करून राहिला.

वेलांटीराव बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. कपडे ओले, बोटांना सोल्युशन, भोवती आखूड तुकड्यांचा सडा. सकाळचं ऊन आता खिडकीखालच्या मोकळ्या भिंतीवर आलं होतं, जिथे बेसिन असायला हवं होतं बरोबर तिथे. त्यांना वाटलं, आपल्याला फक्त ऊन बरोबर दिसलं. बाकी काही दिसलं नाही.

“दाब धरला नाहीस,” बाबा म्हणाले.

वेलांटीरावांनी मान वर केली. बाबा खाटेवर उठून बसले होते आणि मघाचा एक तुकडा हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन बघत होते.

“पाण्याचा दाब?”

“शिवणीतला. कापड नुसत्या मापाचं कापलं तर सदरा अंगात जाईल का? दोन्ही बाजूंना शिवणीत जाणारं कापड सोडावं लागतं. हा पाइप त्या वळणाच्या पोटात किती जातो?”

वेलांटीरावांनी एल्बोत बोट घालून पाहिलं. जवळजवळ अर्धा इंच जात होता. या खेपेला खरोखरचा अर्धा.

“तेवढा दोन्हीकडून धर,” बाबा म्हणाले. “आणि मला खुर्ची दे.”

खुर्ची बोळात आली. बाबा वॉकर धरून तिच्यापर्यंत गेले आणि बसले, मांडीवर पाइप आडवा घेतला. कपाटाच्या खणातून त्यांचा चपटा खडू आणायला सांगितला. नवा पाइप आणायला वेलांटीराव धावतपळत तिसऱ्यांदा दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता तो काढून दिला. मग कामाला एक लय आली. बाबा माप सांगायचे, खडूने खूण करायचे, वेलांटीराव कापायचे. कापलेली कड बाबा अंगठ्याने चाचपायचे आणि तिरकी असली तर परत द्यायचे. सगळं आधी कोरडंच जुळवलं. “आधी कच्चे टाके घालायचे,” बाबा म्हणाले, “मग शिवायचं.” प्रत्येक वळणावर पाइपाला आणि एल्बोला मिळून एकच रेघ त्यांनी ओढली, म्हणजे सोल्युशन लावल्यावर रेघेला रेघ भिडवली की तोंड चुकायला नको. पंचेचाळीस वर्षं त्यांनी बाह्या अशाच जोडल्या होत्या. नळाच्या जागी पितळी आट्यांचा एल्बो बसला, नळाच्या आट्यांना वेलांटीरावांनी गळू नये म्हणून उलटी गुंडाळलेली टेफ्लॉनची टेप बाबांनी सोडवली आणि सुलटी गुंडाळली. नळ त्यांनी स्वतःच्या हाताने फिरवून घट्ट केला. हे त्यांना कुणी शिकवलं, असं वेलांटीरावांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, दोरा कुठल्या बाजूने उलगडतो ते कळतं की.

दुपारभर काम बोळातच चाललं. बायकोने दोघांना तिथेच ताटं आणून दिली. वेलांटीराव मधूनमधून हातातलं काम थांबवून बापाच्या बोटांकडे बघत बसायचे, आणि बाबा त्यांना खडूने गुडघ्यावर टोचून जागं करायचे.

संध्याकाळपर्यंत आणून ठेवलेलं बेसिन खिडकीखाली घट्ट बसलं आणि त्याची नळी मोठ्या केलेल्या भोकातून मोरीकडे गेली. सोल्युशन वाळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ होईपर्यंत थांबायचं होतं. सकाळी वेलांटीरावांनी न्हाणीघरातली चावी पाव पाव करत उघडली. पाइपात आधी नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज झाला. तो बोळातून चालत गेला, दाराच्या चौकटीपाशी वळला, खोलीत शिरला. वेलांटीराव त्याच्याबरोबर एक एक पाऊल टाकत, हाताने भिंत चाचपत गेले. कुठेच थेंब नव्हता. नळातून आधी हवा आली, मग दोन ठसके, मग पाणी. बेसिनमध्ये ऊन पडलं होतं आणि पाणी त्यातून जात होतं.

बाबा बेसिनच्या कडेला एक हात टेकून उभे राहिले. “दार लोटून घे,” म्हणाले.

वेलांटीराव आणि बायको बोळात उभे राहिले. आतून ब्रशचा आवाज आला, मग वस्तऱ्याचा, मग पुन्हा पाण्याचा. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. पाणी वाहतच होतं. वेलांटीराव दोनदा दाराकडे गेले. पाय घसरला तर, हात लटपटला तर. दोन्ही वेळा बायकोने त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून मागे ओढलं. कामावर जायची वेळ टळून गेली, तरी दोघांपैकी कुणीच घड्याळाकडे पाहिलं नाही.

दार उघडलं. बाबांच्या हनुवटीवर कापसाचा लहानसा तुकडा होता. जरा कापलं होतं. कल्ले अजून नीट वाढायचे होते, पण जेवढे होते तेवढ्यांची खालची कड दोन्ही बाजूंना एका रेषेत होती, पट्टी लावून आखावी तशी. अंगात इस्त्रीचा सदरा होता. वॉकर टेकत ते वेलांटीरावांच्या शेजारून पुढे निघून गेले, बाहेरच्या दारापाशी थांबले आणि पायानेच चपला पुढे ओढायला लागले.

“बाबा, कुठे निघालात?” वेलांटीरावांनी विचारलं.

“खाली.”

“खाली काय आहे?”

बाबांनी चपलेत अंगठा नीट सारला. मग म्हणाले, “जरा तोंड दाखवून येतो लोकांना.”

जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. वेलांटीराव वॉकर उचलून मागून चालले होते, बाबा कठडा धरून पुढे. हात द्यायचा नाही, असं बजावलेलं होतं. पाचव्या पायरीवर वरून येणारे इंजिनियरसाहेब थांबले, आठवीवर खालून येणारे सेक्रेटरी थांबले, आणि दोघंही भिंतीला चिकटून, मास्तर उतरून जाईपर्यंत तसेच उभे राहिले.